रिमोटच्या गाडीचा दवाखाना

रिमोटवर चालणारी गाडी बंद पडली की घरोघरी एकच निकाल लागतो: चायनाची आहे, दुरुस्त होत नाही. मग ती माळ्यावर जाते, दिवाळीच्या आवराआवरीत खाली येते आणि भंगारवाल्याच्या पोत्यात पडते. हा निकाल इतका अंगवळणी पडला आहे की त्याचं कारण विचारायचंही कोणाला सुचत नाही. विचारलंच, तर उत्तर मिळतं की आतलं तंत्र आता फार पुढे गेलंय. पूर्वीची खेळणी साधी होती, म्हणून हाताने नीट करता यायची. बिनतारी खेळण्यांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळला तर हे उत्तर टिकत नाही. पूर्वीची बिनतारी खेळणी आजच्यापेक्षा कितीतरी नाजूक, लहरी आणि अवघड होती, आणि तरीही ती वर्षानुवर्षं दुरुस्त होत राहिली. खेळणं दुरुस्त होणार की नाही, हे त्याच्या गुंतागुंतीवर ठरत आलेलं नाही. त्याची माहिती आणि त्याचे सुटे भाग गिऱ्हाइकापर्यंत पोचतात की नाही, यावर ते ठरत आलं आहे.

सुरुवात निकोला टेस्लापासून करावी लागते. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलेल्या विद्युत प्रदर्शनात त्याने पाण्याच्या हौदात एक छोटी लोखंडी नाव दुरून चालवून दाखवली, आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला तिचं पेटंट मिळालं. त्या नावेच्या पोटात बॅटऱ्या होत्या, मोटर होती आणि लहरी ओळखणारा ‘कोहेरर’ होता. कोहेरर म्हणजे धातूचा कीस भरलेली नळी. रेडिओलहर आली की किसाचे कण एकमेकांना चिकटतात आणि नळीतून वीज वाहू लागते. पण लहर गेली तरी कण चिकटलेलेच राहतात. पुढचा हुकूम ऐकायचा तर नळीला टिचकी मारून किंवा ती उलटी करून कण मोकळे करावे लागतात. टेस्लाने नळी आपोआप फिरवण्याची सोय केली होती. याच काळात कोलकात्यात जगदीशचंद्र बोस कोहेररच्या जास्त भरवशाच्या रूपांवर काम करत होते, इतका हा भाग त्या वेळच्या शास्त्राच्या ऐरणीवर होता. १९५५ मध्ये जपानच्या मासुदाया कंपनीने ‘रेडिकॉन’ नावाची पत्र्याची बस बाजारात आणली. रेडिओवर चालणारं दुकानात विकलेलं पहिलं खेळणं म्हणून तिची नोंद घेतली जाते. तिच्यातही लहर ओळखायचं काम कोहेररच करत होता, टेस्लाच्या नावेनंतर सत्तावन्न वर्षांनी. बटण दाबलं की बस आपल्या हुकमांच्या साखळीत एक पायरी पुढे सरकायची, आणि मधली पायरी ओलांडल्याशिवाय हवी ती मिळायची नाही. हे ‘साधं’ खेळणं म्हणता येणार नाही.

या दोन टोकांच्या मध्ये हौशी मंडळींचा मोठा काळ आहे. अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये ‘गफ’ नावाचं रेडिओवर चालणारं विमान उडवलं. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९३८ मध्ये रेथिऑन कंपनीने अशा विमानांसाठीच आरके-६१ नावाची बोटाएवढी इवली वायूभरली नळी काढली. ती आर्मस्ट्राँगने १९२२ मध्ये शोधलेल्या सुपर-रिजनरेटिव्ह पद्धतीवर चाले. या पद्धतीत एकच नळी स्वतःलाच पुन्हापुन्हा उत्तेजित करून क्षीण लहरही मोठी करते. पण नळी म्हटली की दोन वेगळ्या बॅटऱ्या आल्या: तार तापवायला दीड व्होल्टची आणि वरचा दाब द्यायला ४५ किंवा ६७.५ व्होल्टची. नळीतून जाणारा प्रवाह बारीकसा बदलला की रिले खटकन पडे, आणि रिले पडला की पीळ दिलेल्या रबरावर चालणारं, सुकाणू हलवणारं एस्केपमेंट एक पाव फेरा घेई: उजवीकडे, सरळ, डावीकडे, सरळ. आपण मागच्या वेळी कुठल्या पायरीवर होतो, हे उडवणाऱ्याने लक्षात ठेवायचं. रिलेच्या पानांवर धूळ बसे, रबर सैल पडे, बॅटरी थंडीत मान टाके. दर उड्डाणाआधी रिलेचा ताण जुळवून घ्यावा लागे.

असं असूनही ही यंत्रं दुरुस्त होत, कारण ती चालवणाऱ्याला त्यातली प्रत्येक तार ठाऊक असे. ब्रिटनमधलं ‘एरोमॉडेलर’ हे १९३५ पासूनचं मासिक, आणि अमेरिकेतली अशीच मासिकं, रिसीव्हरचे संपूर्ण आराखडे छापत: किती वेढ्यांची कॉइल, किती मूल्याचा कंडेन्सर, रिले कुठला. पन्नाशीच्या दशकात अमेरिकी सरकारने २७ मेगाहर्ट्झचा पट्टा परीक्षा न देता वापरायला मोकळा केला. पुढे त्यातल्या २६.९९५ पासून २७.२५५ पर्यंतच्या सहा वाहिन्या मॉडेलवाल्यांसाठी नेमल्या गेल्या आणि कोण कुठल्या वाहिनीवर आहे हे कळावं म्हणून अँटेनाला तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळ्या, हिरव्या, निळ्या फिती बांधायची पद्धत पडली. बनवणारा, चालवणारा आणि दुरुस्त करणारा एकच माणूस होता, आणि त्याला लागणारी माहिती छापील, स्वस्त आणि सगळ्यांची होती.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ही सगळी मंडळी हौशी होती. त्यांच्याकडे वेळ होता, पैसा होता, विजेचं वेड होतं. त्यांची तुलना वाढदिवसाला गाडी मिळालेल्या पोराच्या बापाशी का करायची? म्हणून शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीचं उदाहरण महत्त्वाचं ठरतं. ही मूळची लाकडाची कंपनी. पुढे प्लास्टिकची मॉडेलं बनवू लागली. पोर्शे ९३४ चं मॉडेल करायचं ठरल्यावर शुन्साकू तामिया यांनी खरोखरची पोर्शे ९११ विकत आणून तिचे भाग सुटे केले होते. १९७६ मध्ये त्याच मॉडेलात मोटर आणि रेडिओ बसवून कंपनीने आपली पहिली रिमोटची गाडी काढली आणि वर्षभरात ती लाखाच्या वर खपली. इतका खप मूठभर हौशी लोकांच्या जिवावर होत नाही. ही गाडी शाळकरी मुलांनी घेतली, आणि ती त्यांना खोक्यात सुट्या भागांच्या रूपातच मिळाली.

तामियाच्या माहितीपुस्तिकेचं एक पान नजरेसमोर आणलं तर मुद्दा लगेच उमगतो. एका पायरीत पुढच्या चाकाचा सांधा सुटा करून काढलेला असतो. प्रत्येक भागाला तो ज्या प्लास्टिकच्या सांगाड्यावर येतो त्याचं अक्षर आणि आकडा. आणि कडेला त्या पायरीत लागणारे स्क्रू खऱ्या मापात छापलेले, म्हणजे हातातला स्क्रू कागदावर ठेवून तोच आहे ना हे मुलाने ताडून पाहावं. १९८४ मध्ये आलेल्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या दोन गाड्या अशा पुस्तिकांच्या आधारे जगभरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांनी जोडल्या. त्यांचा वेग आवरायला इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं. एक छोटा सर्व्हो तांब्याच्या पट्टीवरून टोक सरकवायचा आणि मोटरचा प्रवाह सिरॅमिकच्या रेझिस्टरमधून जायचा. रेझिस्टर भाजण्याइतका तापे, पट्टी काळी पडे. मुलाने पट्टी घासायची, टोक वाकवून घ्यायचं, चाकाचा तुटला तो हात पिशवीबंद भागांतून मागवायचा. शेवटी ७.२ व्होल्टच्या, म्हणजे सव्वा व्होल्टच्या आसपासच्या सहा निकेल-कॅडमियम सेलच्या बॅटरीपॅकला कंपनीने लावलेला पांढरा जोड इतका सर्रास झाला की इतरांच्या बॅटऱ्यांनाही तो येऊ लागला आणि त्याला आजही ‘तामिया कनेक्टर’ म्हणतात. दोन्ही गाड्या वीस वर्षांनी पुन्हा बाजारात आल्या, आणि मूळ गाड्या आजही चालू आहेत. त्या भक्कम होत्या एवढ्यावर हे समजत नाही. प्लास्टिक तेव्हाही तुटत होतंच. घेणाऱ्याला ती गाडी आतून माहीत असणार, हे धरूनच ती विकली गेली होती.

ऐंशीच्या दशकातच दुसरी वाट रुळली: खोक्यातून काढा, सेल घाला, चालवा. जपानी कंपन्यांनी सुरू केलेला हा माल पुढे हाँगकाँगमार्गे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात गेला आणि शांताऊ शहराजवळचं चेंगहाई हे त्याचं एक मोठं आगर बनलं. इथे पुस्तिका गेली. तिच्या जागी सेल कसे घालायचे एवढं दाखवणारी घडी आली. सुट्या भागांची यादी गेली. गाडी उघडायचे स्क्रू राहिले, पण उघडल्यावर काय दिसेल हे सांगणारं कोणी राहिलं नाही. आणि तरीही, हा या इतिहासातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग आहे, हीच स्वस्त गाडी आतून विलक्षण एकसारखी होत गेली. नव्वदीच्या दशकापासून लाखो गाड्यांत टीएक्स-२ आणि आरएक्स-२ ही एकच चिपची जोडी बसू लागली. हिचं माहितीपत्रक दहा-बारा पानांचं आहे आणि कोणालाही वाचता येतं. रिमोट आधी चार लांब ठोके पाठवतो, मग हुकमाचे छोटे ठोके: पुढे जाण्यासाठी १०, मागे जाण्यासाठी ४०, डावीकडे ५८, उजवीकडे ६४. गाडीतली चिप ठोके मोजते आणि त्यानुसार आपल्या पायावर वीज देते. गाडीचं नाव, रंग, आकार काहीही असो, आतलं बोलणं हेच. रिसीव्हर पुन्हा तोच १९२२ चा सुपर-रिजनरेटिव्ह, फक्त नळीच्या जागी चवलीचा ट्रान्झिस्टर. मोटर बहुधा माबुची कंपनीने रूढ केलेल्या १३० या मापाची. म्हणजे माहिती खोक्यातून गेली होती, पण जगातून गेली नव्हती. ती शोधणाऱ्याला अजून मिळत होती.

अशी गाडी बंद पडते तेव्हा नेमकं काय बिघडतं, हे जवळून पाहिलं तर चिपपर्यंत जायची वेळ क्वचितच येते. पहिला संशयित सेलच. साध्या झिंक-कार्बन सेलमध्ये जस्ताचं भांडं हेच ऋण टोक असतं. सेल वापरताना भांडंच आतून खाल्लं जातं आणि गाडी महिनोन्महिने तशीच पडली की त्यातून रसायन पाझरतं. स्प्रिंगवर हिरवट-पांढरी खरड चढते. मीटर लावला तर सेल १.४ व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो, कारण मोटरचा भार पडताच तोच सेल कोसळतो. मोजायचं ते मोटर फिरत असताना. दुसरा बिघाड पडण्याचा: रिमोट फरशीवर आपटला की त्यातला २७.१४५ असा आकडा छापलेला चकचकीत क्रिस्टल आतून तडकतो, आणि बाकी सगळं ठीक असून रिमोट मुका होतो. तिसरा मोटरचा. मोटरच्या ब्रशवर ठिणग्या उडतात, त्या दाबायला तिच्या पायांवर १०४ लिहिलेले छोटे कंडेन्सर सोल्डर केलेले असतात. त्यातला एक निखळला तर गाडी उभी असताना हुकूम ऐकते आणि पळायला लागली की ऐकत नाही, कारण तिच्याच ठिणग्या तिचे कान भरतात. गाडी पुढे जाते पण मागे येत नाही, अशी तक्रार आली तर मोटरची दिशा बदलणाऱ्या चार ट्रान्झिस्टरच्या जोडणीत एस८०५० किंवा एस८५५० पैकी एक जळलेला असतो. मोटरचा आवाज येतो पण चाक हलत नाही, तर दांड्यावरचं इवलं पिनियन चिरलेलं. यातला एकही बिघाड गूढ नाही आणि एकाही भागाला मोठी किंमत पडत नाही.

मग आपल्याकडे या गाड्यांच्या दुरुस्तीचा धंदा का उभा राहिला नाही? इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा मुंबईत लॅमिंग्टन रोड होता, पुण्यात तपकीर गल्ली होती, तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ रेडिओवाला होता. इथे हमखास म्हणतात की आपला मिस्त्री माहितीवर चालत नव्हता, जुगाडावर चालत होता. तेव्हा पुस्तिका नसल्याने काय अडलं? या समजुतीत त्या कारागिरांवर अन्याय आहे. ठाण्याच्या कारखान्यात बनलेला मर्फी असो की दुसरा कुठला रेडिओ, सगळे सेट सुपरहेट या एकाच आखणीवर बांधलेले असत. नळ्यांवर आणि पुढे ट्रान्झिस्टरवर क्रमांक छापलेले असत, कंपन्यांची सर्व्हिस मॅन्युअल आणि सर्किट डायग्राम दुकानांत फिरत, आणि आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा रीतसर अभ्यासक्रम होता. जुगाड दिसायचा तो या पक्क्या पायावर उभा राहिलेला वरचा मजला. हाच माणूस रिमोटच्या गाडीपुढे बसला तेव्हा त्याच्या हाती काहीच नव्हतं. २००१ च्या १ एप्रिलपर्यंत आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध उठले आणि चिनी खेळण्यांचा ओघ क्रॉफर्ड मार्केटपासून गावच्या जत्रेपर्यंत पोचला. पण त्याबरोबर आलं ते फक्त खेळणं. टीएक्स-२चं माहितीपत्रक होतं, पण ते आहे आणि ते या गाडीला लागू पडतं, हे त्याला कोण सांगणार? आयटीआयच्या अभ्यासक्रमात खेळणं नव्हतं, आयात करणाऱ्याकडे नकाशा नव्हता, आणि दुकानदार माल देऊन मोकळा झाला होता.

पैशाचा आक्षेप सर्वांत जोरकस आहे. तीनशे-चारशे रुपयांच्या गाडीवर दोन तास घालवणारा कारागीर मजुरी काय मागणार? नवी गाडीच परवडते. हिशेब बरोबर आहे, पण त्यातले दोन तास कुठून आले ते पाहायला हवं. पिनियन बदलायला किंवा कंडेन्सर सोल्डर करायला पाच-दहा मिनिटं पुरतात. बाकी वेळ जातो तो शोधण्यात: कुठली तार कुठे जाते, कुठल्या पायावर किती व्होल्ट हवेत, चिप मेली की तिला सेलच पोचत नाही. नकाशा हाती असेल तर हा वेळ चतकोर होतो. म्हणजे ज्याला आपण मजुरीचा प्रश्न म्हणतो त्यातला मोठा हिस्सा माहितीच्या अभावाचा आहे, आणि तो गिऱ्हाइकाच्या माथी दुरुस्तीच्या दराच्या रूपात मारला जातो. सुट्या भागांचंही तसंच. पिनियनला किती दात, भोकाचा व्यास किती, हे कुठेच लिहिलेलं नसल्याने कारागिराला जुन्या गाड्यांचा ढीग जमवून त्यातून जुळणारा शोधावा लागतो. एवढं करून उरणारा फरक मात्र खरा आहे, तो नाकारता येत नाही: अगदी स्वस्तातल्या गाडीला पगारी कारागिराचा वेळ परवडणार नाही. तिच्यासाठी दुसरी व्यवस्था लागते, आणि ती एका देशाने उभी करून दाखवली आहे.

जपानमध्ये ‘ओमोचा ब्योइन’, म्हणजे खेळण्यांचे दवाखाने, जागोजागी भरतात. महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी सार्वजनिक सभागृहात, वाचनालयात किंवा बालभवनात काही माणसं टेबलं मांडून बसतात. त्यांना ‘खेळण्यांचे डॉक्टर’ म्हणतात. बरेचसे निवृत्त अभियंते आणि कारागीर, सगळे स्वयंसेवक. मूल गाडी घेऊन येतं, तिचा केसपेपर भरला जातो, तिथल्या तिथे होण्यासारखं असेल तर होतं, नाहीतर गाडी ‘भरती’ करून घेतली जाते. काम शक्यतो फुकट. बदललेल्या भागाची किंमत तेवढी घेतात. नव्वदीच्या दशकात या दवाखान्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली आणि तिच्यामार्फत नव्या डॉक्टरांना शिकवलं जाऊ लागलं. ज्या देशाने ‘घ्या, चालवा’ या वाटेचा पायंडा पाडला, तिथेच हे घडलं. तामियाच्या पुस्तिका वाचत मोठ्या झालेल्या समाजात आतून वस्तू समजून घेणारी माणसं हजारोंनी होती, हा योगायोग मला वाटत नाही. आणि या माणसांनी केलेलं मोठं काम दुरुस्तीपेक्षाही नोंदीचं आहे: कुठल्या खेळण्यात काय बिघडतं, आत कुठली चिप आहे, तिच्या कुठल्या पायाला काय हवं, हे त्यांनी एकमेकांना कळवत ठेवलं. कारखान्याने न दिलेला नकाशा त्यांनी उलट्या बाजूने काढला.

तंत्राचा आक्षेप आता मूळच्या जोरात परत मांडता येतो. टीएक्स-२चा जमाना सरला. आज बोर्डावर चिपच दिसत नाही, काळ्या राळेचा थेंब दिसतो. नागडी चिप बोर्डावर चिकटवून वरून इपॉक्सी ओतली की क्रमांकही गेला आणि पायही गेले. २००५ च्या सुमारास हौशी रेडिओसंचांत आलेला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा पुढे खेळण्यांतही उतरला; त्यात रिमोट आणि गाडी यांची आधी जोडी जुळते आणि रिमोट हरवला तर दुसऱ्या रिमोटचं गाडी ऐकत नाही. इथे आक्षेप घेणाऱ्याचं म्हणणं मान्य करायला हवं. २७ मेगाहर्ट्झच्या एका गाडीच्या मेलेल्या रिमोटचं काम दुसऱ्या गाडीच्या रिमोटने भागवता येई. ते आता संपलं. पण यातलं काय तंत्राने आणलं आणि काय निवडीने? जोडी जुळवण्याची पद्धत लिहून द्यायला तंत्र आड येत नाही. राळेच्या थेंबाबाहेर निघणाऱ्या तारा मोटरकडे, सेलकडे, अँटेनाकडे जातात आणि त्यांवरचे व्होल्ट मोजता येतात. कुठे किती असायला हवेत हे बोर्डावर छापायला शाईशिवाय खर्च नाही. जपानी डॉक्टरांनी तर मेलेल्या थेंबाच्या जागी पीआयसी जातीचा छोटा मायक्रोकंट्रोलर बसवून, त्यात स्वतः लिहिलेला प्रोग्राम भरून खेळणी चालू केली आहेत. याहून मोठी गोष्ट अशी की थेंब मरतो क्वचित. मरतात त्या पूर्वीच्याच गोष्टी, तारेचा सांधा, स्विच, पिनियन, मोटर.

सुरक्षेचा मुद्दा वेगळा आहे आणि त्याबद्दल मला जराही हलकेपणाने बोलायचं नाही. निकेल-कॅडमियम मागे पडला, कॅडमियम विषारी म्हणून युरोपने २००६ च्या निर्देशाने त्याच्यावर बंधनं घातली. त्याच्या जागी ३.७ व्होल्टचा लिथियम सेल आला. त्याला छिद्र पडलं, तो वाकला किंवा चुकीच्या चार्जरवर बसला तर आग लागू शकते. बटणसेल मुलाने गिळला तर तो अन्ननलिका जाळू शकतो. म्हणून लहान मुलांच्या खेळण्यातला सेलचा कप्पा अवजाराशिवाय उघडू नये, हा आंतरराष्ट्रीय मानकांचा नियम अत्यंत योग्य आहे. पण कप्प्याचा तो स्क्रू बाळाची राखण करतो. मोठ्या माणसाला दूर ठेवणं हा त्याचा हेतू नाही. उलट लिथियम सेल धोक्याचा आहे म्हणूनच तो कुठला, किती व्होल्टचा, त्याला संरक्षक सर्किट आहे की नाही, हे लिहिलेलं हवं. नाहीतर लोक फुगलेला सेल कापून त्याच्या जागी मिळेल तो बसवतात, आणि अपघात तिथे होतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. आग लागण्याची भीती त्यांनाही आहेच.

भारतात दुरुस्तीच्या माहितीचा हा प्रश्न आता ऐरणीवर यायला हरकत नाही, कारण खेळणी कुठे बनायची हेच बदलतं आहे. २००९ मध्ये चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांसाठी बंदी आली होती, ती सुरक्षेच्या कारणावरून आणि तात्पुरती. २०२० च्या अर्थसंकल्पात मात्र खेळण्यांवरची आयातजकात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे आणि विजेवर चालणाऱ्या खेळण्यांना आयएस १५६४४ हे मानक लागू होतं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. खेळणी त्यात नव्हती. त्याच वर्षीच्या ई-कचरा नियमांच्या यादीत मात्र विजेवरची खेळणी आहेत. म्हणजे खेळणं कचरा झाल्यावर कायद्याला दिसतं, बिघडलेलं असताना दिसत नाही. आयएस १५६४४ खाली खेळण्यांचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातातच. बनवणाऱ्याकडे त्यांची आतली माहिती असतेच. त्यातली अर्ध्या पानाची माहिती, म्हणजे सेलचं माप आणि व्होल्ट, मोटरचा क्रमांक, गियरचे दात, चिपचं नाव, रिमोट जुळवायची रीत आणि बोर्डावरच्या चार ठिकाणचे व्होल्ट, खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मराठी-हिंदीत छापायला लावता येईल. तपकीर गल्लीतल्या दुकानात सोल्डरिंग आयर्न अजून रोज तापतं.